शब्दांचा बाजार

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. अंगणात मक्याच्या कणसांचा ढीग पडला होता आणि आत टीव्हीवर मालिका चालू होती. आजी, मुलगा, सून आणि दहावीत शिकणारी नात असे चौघे जण समोर बसले होते. आमच्यासाठी खुर्ची आली, पाणी आले, आणि तेवढ्यात मालिका थांबून जाहिराती सुरू झाल्या. त्यासरशी नातीने टीव्हीचा आवाज बंद केला, आजीने मांडीवरची जपमाळ उचलली आणि सगळ्यांनी 'नमो मारिया'चा एकेक मणी पुढे सारण्यास आरंभ केला. दहा मणी संपले, त्रैक्याचा गौरव झाला आणि मालिका पुन्हा सुरू होताच आवाज परत आला.

आमच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून नात म्हणाली, "फादर, एका ब्रेकला एक रहस्य होतं. दोन मालिका संपेपर्यंत पाची रहस्यं होतात."

आजी थोड्या ओशाळल्या. "काय करावं फादर," त्या म्हणाल्या, "त्या वेळेला टीव्हीत जे येतं ते ऐकवत नाही. तेच ते, तेच ते. डोकं उठतं नुसतं."

हसावे की रागवावे, हे आम्हांस क्षणभर कळेना. प्रार्थनेला मालिकेच्या फटीत बसवणे योग्य नव्हे, एवढे सांगण्याचे कर्तव्य आम्ही केले. परंतु परतीच्या वाटेवर मनात वेगळाच प्रश्न घोळू लागला. जी आजी रोज पन्नास वेळा 'नमो मारिया' म्हणते, तेच शब्द, त्याच क्रमाने, गेली साठ वर्षे, तिला त्याचा कंटाळा येत नाही. तीच आजी अर्ध्या मिनिटाची जाहिरात चौथ्यांदा लागली की कानांवर हात ठेवते. असे का व्हावे? पुनरुक्ती दोन्हीकडे आहे. मग एकीने मन शांत होते आणि दुसरीने डोके उठते, याचे कारण काय?

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. तथापि त्याचा माग काढीत गेल्यास तो आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी, आणि पुढे आमच्या प्रवचनपीठापाशीही येऊन पोहोचतो, असे आम्हांस आढळून आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

जाहिरात ही काही टीव्हीने जन्माला घातलेली गोष्ट नव्हे. गावाच्या नावातच 'रंगारी' हा शब्द आहे. रंगारी म्हणजे कापड रंगविणारा. त्याची जाहिरात कोणती? दोरीवर वाळत घातलेले लुगडे. येणारा जाणारा त्याचा रंग पाही, धुतल्यावर तो टिकला की उतरला हे शेजारणीला विचारी आणि मग आपले कापड त्याच्याकडे देई. आठवडी बाजारात आजही भाजीवाली ओरडते, भांडीवाला पातेले वाजवून दाखवतो, औषधी मुळ्या विकणारा भोवती माणसे जमवून बोलत राहतो. हा गोंगाट काही कमी नसतो. अतिशयोक्तीही त्यात भरपूर असते. परंतु बाजारात जाऊन कोणाचे डोके उठल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. कारण तेथे आपण स्वतःच्या पायांनी गेलेलो असतो. भाजीवालीने आवाज दिला तर आपण तिला प्रश्न विचारू शकतो, घासाघीस करू शकतो आणि वांगे किडके निघाले तर पुढच्या आठवड्यात तिच्यासमोर उभे राहून चार शब्द सुनावूही शकतो. ती आपल्याशी बोलते आणि आपले ऐकतेही. टीव्हीवरील जाहिरात मात्र केवळ बोलते. तिला कान नाहीत.

असे असूनही टीव्हीवरील जाहिराती एके काळी लोकांना आवडत होत्या, हे विसरून चालणार नाही. दूरदर्शनवर जाहिरातींना १ जानेवारी १९७६ पासून प्रारंभ झाला. १९८२ साली रंगीत चित्र आले, १९८४ साली 'हम लोग' ही मालिका आली, १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. आम्ही त्या वेळी कुमारवयात होतो. सगळ्या वस्तीत एखाद-दुसरा संच असे आणि त्याच्यासमोर पन्नास माणसे बसत. मालिकेपूर्वी लागणाऱ्या जाहिराती आम्ही मुले तोंडपाठ म्हणत असू. 'निरमा'चे गाणे ज्याला येत नाही असे पोर सापडत नव्हते. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरगुती स्वरूपात सुरू केलेला तो धंदा. स्वस्त पावडर आणि सोपे गाणे यांच्या बळावर त्यांनी मोठ्या परदेशी कंपनीच्या 'सर्फ'ला घाम फोडला. त्याला उत्तर म्हणून अलेक पदमसी यांच्या संस्थेने ललिताजी नावाची एक काटकसरी, चोखंदळ गृहिणी उभी केली. कविता चौधरी या अभिनेत्रीने ती भूमिका केली. २०२४ साली त्या निवर्तल्या तेव्हाही लोकांना प्रथम आठवली ती ललिताजीच. १९८९ मध्ये 'हमारा बजाज' ही जाहिरात आली. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ सालापासून आपल्याच जिल्ह्यात उभा असल्याने तिचे आपणांस विशेष कौतुक वाटे. ज्या संचांवर हे सारे पाहिले जाई, त्यांतील कित्येक पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यात बनलेले असत.

त्या जाहिराती साधुसंतांनी केलेल्या होत्या असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्याही विक्रीसाठीच होत्या. परंतु त्यांत तीन गोष्टी होत्या. त्या थोड्या होत्या, त्यामुळे त्यांची वाट पाहता येत असे. वस्तू काय आहे आणि ती कशासाठी घ्यावी, हे त्या सांगत. ललिताजी तर चक्क युक्तिवाद करीत असे, तो पटो वा न पटो. आणि त्यांत दिसणारी माणसे आपल्या शेजारी राहणाऱ्या माणसांसारखी होती. अॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि बोलण्यातील तर्क. जुन्या जाहिरातींत ही तिन्ही थोडीथोडी तरी असत.

आजच्या जाहिरातींचे काय बिघडले? आजींच्या 'डोकं उठतं' या दोन शब्दी निदानाची आम्ही आमच्या परीने फोड करून पाहिली.

पहिले कारण आवाजाचे. जाहिरात लागताच आवाज वाढल्यासारखा वाटतो, हा केवळ भास नव्हे. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मधूनच एखादा मोठा आवाज असतो. जाहिरातीत मात्र ध्वनी असा दाबून भरलेला असतो की त्यातील हळू भागही मोठाच ऐकू येतो. सर्वोच्च पातळी तीच राहते, पण उसंत नाहीशी होते. अमेरिकेत लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१२ च्या डिसेंबरात लागू झाला. आपल्याकडे केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांतच जाहिरातीचे चित्र व आवाज अवाजवी भडक नसावेत, असे म्हटले आहे. जाहिरातींसाठी तासाला दहा मिनिटे आणि वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी दोन मिनिटे, अशी बारा मिनिटांची मर्यादाही त्याच नियमांत आहे. ती काटेकोरपणे पाळावी असा आग्रह दूरसंचार नियामक प्राधिकरणाने धरला, तेव्हा प्रसारकांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. नियम आहे, आजींचे डोके मात्र उठतेच.

दुसरे कारण पुनरुक्तीचे. १९७९ साली कॅसिओपो आणि पेटी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच संदेश त्यांनी काही जणांना एकदा, काहींना तीनदा, तर काहींना पाचदा ऐकविला. तीन वेळा ऐकणाऱ्यांना तो एकदा ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक पटला. पाच वेळा ऐकणाऱ्यांना मात्र तो कमी पटला. त्यांच्या मनात त्याविरुद्ध मुद्दे उभे राहू लागले होते. म्हणजे ओळखीने जवळीक वाढते हे खरे, परंतु एका मर्यादेपलीकडे मन स्वतःचे रक्षण करू लागते. एका क्रिकेट सामन्यात तीच जाहिरात वीस वेळा दाखविणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे नाही. तरीही ते दाखवितात, कारण शेजारचा दुकानदार ओरडत असताना आपण गप्प बसलो तर आपण दिसेनासे होऊ, ही भीती त्यांना वाटते. सगळेच ओरडू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, आणि ते आणखी मोठ्याने ओरडतात.

तिसरे कारण भाषेचे. १९९९ साली 'अल्फा मराठी' सुरू झाली, पुढे आणखी मराठी वाहिन्या आल्या, आणि आपली भाषा घराघरांत ऐकू येऊ लागली याचा आम्हांस आनंद झाला. परंतु मालिका मराठीत आणि जाहिरात हिंदीवरून ओढूनताणून आणलेल्या मराठीत, असे दृश्य आजही दिसते. पडद्यावरील ओठ एक बोलतात आणि कानांवर दुसरेच पडते. वाक्याचा सांगाडा हिंदीचा आणि त्यावर कातडे मराठीचे. अशी मराठी महाराष्ट्रातील कोणत्याही घरात, कोणत्याही बोलीत बोलली जात नाही. आपल्याशी बोलणाऱ्याने आपली भाषा शिकण्याचेही कष्ट घेतले नाहीत, हे ऐकणाऱ्यास लगेच कळते. परदेशातून आलेल्या मिशनरी फादरांनी आपल्या आज्यापणज्यांशी त्यांच्या बोलीत बोलण्यासाठी वर्षे खर्ची घातली होती. त्यांचे उच्चार चुकत, लोक हसत, पण त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवीत. चुकीच्या उच्चारामागे कष्ट दिसले की मनुष्य क्षमा करतो; बेपर्वाई दिसली की करीत नाही.

चौथे कारण प्रसिद्ध व्यक्तींचे. एकच नट सकाळी सिमेंट विकतो, दुपारी तेल आणि रात्री विमा. लक्षात राहतो तो नट. सिमेंट कोणते ते कोणालाच आठवत नाही. आम्ही त्या घरातील नातीला विचारले, "आत्ता ज्या जाहिरातीवर तू हसलीस ती कशाची होती?" तिने सगळी गोष्ट रंगवून सांगितली, पण वस्तूचे नाव तिला सांगता येईना. लाखो रुपयांचा विनोद असा हसण्यावारी गेला!

येथे एक प्रामाणिक शंका घेतली पाहिजे. जाहिराती इतक्या निष्फळ असतील तर हुशार व्यापारी त्यांवर पैसा का ओततात? अँड्र्यू एहरेनबर्ग या ब्रिटिश अभ्यासकाने १९७४ साली मांडलेले मत असे, की जाहिरातीचे सामर्थ्य आपण समजतो त्याहून पुष्कळ दुबळे आहे. ती क्वचितच कोणाचे मन पालटते. जे लोक ती वस्तू आधीच वापरतात त्यांना तिची आठवण देण्याचे काम तेवढे ती करते. आपल्या भागातील कापूस पिकविणारा शेतकरी पाहिला की हे पटते. बियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिराती तो पाहतो, पण पाकीट घेताना विचारतो ते शेजाऱ्याला. गेल्या हंगामात बांधापलीकडच्या शेतात किती बोंडे लागली, बोंडअळी किती पडली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. बांधापलीकडचे शेत हीच त्याची जाहिरात. रंगाऱ्याचे दोरीवरचे लुगडे अजून पुरते वाळलेले नाही!

याच्या उलट, पूर्णपणे यशस्वी झालेल्या एका जाहिरातीचेही स्मरण करावयास हवे. पोलिओच्या दोन थेंबांची ती मोहीम. भारतात १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाली. अमिताभ बच्चन यांनी कधी समजावून, तर कधी चक्क रागावून आईबापांना बजावले. देशातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तीही जाहिरात वारंवार लागत असे. तिचाही आवाज मोठा होता. मग तिचा त्रास का झाला नाही? आम्हांस वाटते, तिची दोन कारणे आहेत. ती जे मागत होती ते आपल्याच लेकरासाठी होते. आणि पडद्यावरील शब्दामागोमाग, रविवारी सकाळी, ऊन-पावसाची पर्वा न करता, बर्फाची पेटी खांद्याला लावलेली एक बाई खरोखर दारात येत होती. शब्दापाठोपाठ माणूस आला, म्हणून शब्दावर विश्वास बसला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, "फादर, एवढे मनाला का लावून घेता? जाहिरातींच्या पैशावरच वाहिन्या चालतात. नको असेल तर बंद करा. बटण तुमच्याच हाती आहे." हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आमच्या या त्रैमासिकाच्या पानांनाही जाहिराती लागतात आणि त्या देणाऱ्यांचे आम्ही आभारच मानतो. १९९७ च्या फेब्रुवारीत परमधर्मपीठाच्या समाजसंपर्क परिषदेने 'जाहिरातीतील नीतिमत्ता' या विषयावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. त्यातही जाहिरात मुळातच वाईट असे म्हटलेले नाही. ती माहिती देऊ शकते, रोजगार वाढवू शकते, चांगल्या कामासाठी लोकांना हाक देऊ शकते, हे त्यात मान्य केले आहे. आणि तिच्यापुढे तीन कसोट्या ठेवल्या आहेत: सत्य, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी.

या कसोट्यांवर पाहता आम्हांस असे दिसते, की जाहिरातीने येणारा वैताग हा जाहिरातीचा सर्वांत मोठा दोष नव्हे. उलट तो आपल्या मनाच्या आरोग्याचे लक्षण आहे. अंगात काटा गेला की दुखते. दुखले नाही तर चिंता करावी. आपले अवधान ही आपली खाजगी ओसरी आहे. तेथे कोणाला बसवावयाचे हे यजमानाने ठरवावे. न विचारता आत शिरून, मोठ्याने बोलून, तेच तेच सांगणाऱ्या पाहुण्याचा राग येणे स्वाभाविक आहे. खरी काळजी वाटावी ती अशा जाहिरातीची, जी मुळीच वैताग आणीत नाही. जी हळूच आत येते, गोड बोलते आणि जाताना आपल्या मनात एक उणीव ठेवून जाते.

असे एक उदाहरण आमच्या मनातून जात नाही. आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामातील सावळ्या वर्णाची, अभ्यासात हुशार अशी एक मुलगी. तिच्या आईने मोलमजुरीच्या पैशातून वर्षानुवर्षे तिच्यासाठी गोरेपणाच्या क्रीमच्या पुड्या आणल्या. जाहिरातीतील मुलगी आठवड्याआठवड्याने उजळत जाई आणि तिला नोकरी व नवरा दोन्ही मिळत. ही मुलगी रोज आरशात पाही आणि दिवस मोजी. एकदा प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीसाठी मुलांना विचारले, "तुम्हांला स्वतःमधले काय आवडत नाही?" कोणी राग म्हणाले, कोणी आळस. ती खाली मान घालून म्हणाली, "माझा चेहरा." देवाने आपल्या प्रतिरूपात घडविलेला चेहरा तिला पापांच्या यादीत घालावासा वाटला! त्या जाहिरातीने तिला कधी त्रास दिला नव्हता. तिला ती आवडत होती. ती परिणामकारकही होती, कारण पुड्या खपत होत्या.

सुदैवाने काळ थोडा बदलला आहे. अशा क्रीमांपैकी देशातील सर्वांत प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकालाच नव्हे, तर ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विक्रेत्याने आपल्या मालातील असा छुपा दोष सांगितलाच पाहिजे, ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल, हे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले होते. कायद्याला तेथवर पोहोचण्यास वेळ लागला. तरीही कायदा खोट्या दाव्याला पकडतो. मनात पेरलेल्या न्यूनगंडाला तो पकडू शकत नाही. ते काम घरातच व्हावे लागते.

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात एक कल्पना आहे. लहान मुलांची न्यायसभा भरली आहे आणि तिच्यासमोर वैद्य व आचारी यांचा खटला चालला आहे. आचारी म्हणतो, 'या माणसाने तुम्हांला कडू औषधे पाजली, उपाशी ठेवले; मी मात्र गोडधोड खाऊ घातले.' वैद्याने काय उत्तर द्यावे? त्याचे खरे उत्तर ऐकून घेण्याची मुलांची तयारीच नसणार. आज आपल्या घरात मुलांसमोर आचारी दिवसाचे अनेक तास बोलतो. आता तर टीव्हीही मागे पडून तो मुलांच्या हातातील मोबाइलमध्ये बसला आहे आणि कोणत्या मुलाला काय गोड लागते हे त्याने टिपून ठेवले आहे. वैद्याने, म्हणजे आईबापांनी, गुरुजनांनी आणि आम्ही धर्मगुरूंनी, दिवसातून किती मिनिटे बोलावे आणि कसे बोलावे?

येथे मात्र आम्हांस आपल्याच अंगणात पाहावे लागते. आम्हीही शब्दांचाच व्यवसाय करतो. संत ऑगस्टीन मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्या काळातील स्वतःला शब्दांचा विक्रेता म्हटले आहे आणि इसवी सन ३८६ मध्ये तो बाजार सोडल्याबद्दल देवाचे आभार मानले आहेत. आमचे प्रवचन त्या बाजारापासून नेहमीच दूर असते काय? सणाच्या दिवशी आमच्या मंदिराचा ध्वनिक्षेपक शेजारच्या आजारी माणसाला विचारून लावलेला असतो काय? वर्षानुवर्षे त्याच रविवारी तीच गोष्ट, त्याच हातवाऱ्यांसह आम्ही सांगतो, तेव्हा मागच्या बाकावरील तरुण मनातल्या मनात आमचाही आवाज बंद करीत नसतील काय? आमचीही भाषा कधी कधी अशी असते की ती कोणत्याच घरात बोलली जात नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आम्ही गरिबांविषयी बोलतो, पण शब्दापाठोपाठ दारात जाणारा माणूस पुष्कळदा नसतो. जाहिरातीतील जे जे दोष आम्ही वर मोजले, ते सगळे आमच्या प्रवचनवहीत आम्हांस सापडले. लेख लिहिता लिहिता लेखणी थबकली ती येथे.

आणि याच ठिकाणी आजींच्या जपमाळेचे कोडे थोडे उलगडले. जपमाळेतील पुनरुक्ती आजीची स्वतःची आहे. ती तिच्यावर कोणी लादलेली नाही. जाहिरातीत तेच शब्द पुन्हा येतात, कारण बोलणाऱ्याला आपल्याकडून काही हवे असते आणि ते अजून मिळालेले नसते. प्रार्थनेत तेच शब्द पुन्हा येतात, कारण जिच्याशी बोलावयाचे तिच्या सहवासात थांबावेसे वाटते. आई तान्ह्या लेकराला दिवसातून शंभरदा तेच लाडके नाव घेऊन हाक मारते. लेकरू त्याला कंटाळत नाही. लग्नाला चाळीस वर्षे झालेला नवरा रोज संध्याकाळी 'आलो गं' एवढेच म्हणतो, आणि ज्या दिवशी तो शब्द ऐकू येत नाही त्या दिवशी घर खायला उठते. प्रेमातील पुनरुक्ती जुनी होत नाही. वापरून घेण्यासाठी केलेली पुनरुक्ती पाचव्या वेळी उघडी पडते. मनुष्याच्या मनाला हा फरक शिकवावा लागत नाही. फक्त तो बुजू नये एवढी काळजी घ्यावी लागते.

ती काळजी कशी घ्यावी? आमच्याजवळ मोठा उपाय नाही. जाहिरात लागली असता मुलांना सहज विचारावे, 'हे आपल्याला काय विकत आहेत, आणि ते घेतले नाही तर आपण कोण ठरू, असे ते सांगत आहेत?' या दोन प्रश्नांची सवय लागली की निम्मे काम होते. कर्ज काढून वस्तू घेण्यापूर्वी आठ दिवस थांबावे आणि पडद्यापेक्षा शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबावे. घरात सावळी, बुटकी, जाड किंवा बारीक जशी लेकरे असतील, तशी ती सुंदर आहेत हे त्यांना आईबापांनी तोंडाने सांगावे, आणि पुन्हा पुन्हा सांगावे. ही पुनरुक्ती त्यांना कधीही जड होणार नाही. आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे की प्रवचन आठ मिनिटांत संपवावयाचे, आणि ज्या कामासाठी आपण स्वतः कोणाच्या दारात गेलो नाही, ते काम त्या रविवारी लोकांना सांगावयाचे नाही. दुसरा नियम पहिल्यापेक्षा फार अवघड आहे, हे पहिल्याच महिन्यात कळून चुकले.

काही दिवसांपूर्वी त्या घरी पुन्हा जाणे झाले. मका विकून अंगण मोकळे झाले होते. आम्ही पायरीवर असतानाच आतून 'नमो मारिया' ऐकू आले. टीव्ही बंद होता. आम्हांस समाधान वाटले आणि आमच्या उपदेशाचा परिणाम झाला असे समजून आम्ही तसे बोलूनही दाखविले. आजींनी जपमाळेचे चुंबन घेतले, ती डबीत ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "नाही फादर, लाईट गेलीय."